लग्नाचे फोटो सुचतात कुठून? माझ्या आठ महिन्यांच्या नोंदी

पहिला महिना

फोनमधल्या ‘लग्न आयडिया’ या फोल्डरमध्ये सहाशेच्या वर फोटो साठले होते. लग्नाच्या आदल्या रात्री ते चाळायचे, दहा-बारा पोझ डोक्यात घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी जोडप्याला तसंच उभं करायचं, असं माझं तीन वर्षं चाललं होतं. हौसेचं काम, तेही बहुतेक वेळा सेकंड शूटर म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा फोटोग्राफर म्हणून, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. फोटो शार्प होते, एक्सपोजर म्हणजे उजेडाचं प्रमाण बरोबर होतं. पण या महिन्यात सगळे जुने अल्बम ओळीने उघडले, आणि चेहऱ्यांवर बोट ठेवलं तर कुठलं लग्न कुणाचं ते मलाच सांगता येईना. कपाळाला कपाळ, पाठमोरं चालणं, हातात हात. माणसं वेगळी आणि फोटो मात्र तेच.

फोल्डर पुसून टाकलं. सहा महिने दुसऱ्याने काढलेले लग्नाचे फोटो बघायचे नाहीत, असं ठरवलं.

दुसरा महिना

मग बघायचं काय? चित्रं. मोठ्या संग्रहालयांची कितीतरी जुनी चित्रं आता मोठ्या रिझोल्यूशनमध्ये बघायला मिळतात, अगदी ब्रशचा फटकारा दिसेपर्यंत झूम करता येतं. सुरुवात लग्नाच्याच चित्रापासून केली. पीटर ब्रॉयगेलने १५६७ च्या सुमारास रंगवलेलं शेतकऱ्यांच्या लग्नातल्या पंगतीचं चित्र, जे सध्या व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे.

हे चित्र मी आठवडाभर रोज वीस मिनिटं बघितलं. कोठारात माणसांची दाटी. पुढे दोघं जण बिजागरीवरून काढलेल्या दारावर ताटल्या ठेवून वाढायला आणतायत, एक पोर जमिनीवर बसून बोटं चाटतंय, वाजवणारा वाजवायचं सोडून त्या ताटल्यांकडे बघतोय. नवरी मध्यभागी नाही, पुढेही नाही, आकाराने लहानच आहे. नवरा नेमका कोण यावर तर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. तरी नवरी लगेच सापडते. का, ते मला चौथ्या दिवशी कळलं. सगळ्यांच्या मागे पिवळट गवताची भिंत आहे, फक्त हिच्या मागे गडद हिरवं कापड टांगलंय. बास, एवढंच. एका कापडाने त्याने सबंध गर्दीतून तिला वेगळं काढलं.

मी इतकी वर्षं हेच काम अपर्चरकडून, म्हणजे लेन्सच्या उघड्या तोंडाकडून, करून घेत होते. एफ/१.४ लावायचं (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं) आणि मागची गर्दी विरघळवून टाकायची. ब्रॉयगेलने गर्दी ठेवली, आणि लग्नात गर्दी हवीच असते!

तिसरा महिना

पहिला प्रयोग. हॉल असा की भिंतीवर एक फूट जागा मोकळी नाही, सगळीकडे दिव्यांच्या माळा. तासभर आधी जाऊन नुसती ‘हिरवं कापड’ शोधत फिरले. बाजूच्या दाराला गडद पडदा होता. नवरी बसणार होती त्या जागेपासून साधारण तीन मीटर मागे. ३५ एमएम लेन्स लावली, एफ/४ ठेवलं, आणि दोन पावलं डावीकडे सरकून किंचित वाकले तेव्हा तिचं डोकं बरोबर त्या पडद्यावर आलं. मग हललेच नाही. चाळीस मिनिटं तिथेच. आजूबाजूला पोरं पळाली, कुणी वाकून कानात बोललं, एक आजोबा पेंगले. फ्रेममध्ये बावीस माणसं आहेत, आणि तरीही नजर तिच्यावरच जाते.

चौथा महिना

खिडकी. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याच्या कितीतरी चित्रांत प्रकाश डाव्या हाताच्या खिडकीतून येतो. एकच खोली, एकच खिडकी आणि तेवढ्यात इतकं सगळं. भावाला खुर्चीत बसवून मीही तेच केलं, रोज संध्याकाळी अर्धा तास, तीन आठवडे.

हाताशी आलेल्या गोष्टी लिहून ठेवते. खोलीतले दिवे बंद केल्याशिवाय काही खरं नाही. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्विन, पिवळे दिवे ३२०० च्या आसपास, त्यामुळे गालाची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी येते, आणि एडिटमध्ये ते धड सुधारत नाही. अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक चतुर्थांश, हा नियम छोट्या फ्लॅशला लागू पडतो. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ प्रकाश इतक्या झपाट्याने उतरत नाही. पलीकडच्या बाजूला पांढरी भिंत असेल तर सावली भरून निघते. तिथे काळी शाल टांगली की तोच चेहरा गंभीर होतो. आणि डच चित्रकार रेम्ब्राँच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण, म्हणजे सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उरणारा उजेडाचा तुकडा, रुंदीला डोळ्याएवढा आणि लांबीला नाकापर्यंतच. तो आणायला दिवा सरकवावा लागत नाही. माणसाला मान थोडी वळवायला सांगायची.

रेम्ब्राँवरून त्याच्या ‘ज्यू वधू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राकडे वळले. १६६५ ते १६६९ च्या दरम्यानचं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं. १८८५ मध्ये व्हॅन गॉग त्याच्यासमोर जो बसला तो सोबतचा मित्र बाकीचं संग्रहालय फिरून आला तरी तिथेच होता. चित्रातल्या जोडप्याची नजर एकमेकांकडे नाही. सगळं बोलणं हातांत आहे. त्याचा हात तिच्या छातीवर, तिची बोटं त्या हातावर नुसती टेकलेली. मी तो हातांचा भाग कागदावर पाच वेळा पेन्सिलने काढला. चित्रकला मला येत नाही, पण काढताना जेवढं दिसतं तेवढं नुसतं बघून दिसत नाही.

पाचवा महिना

या महिन्यातली गोष्ट लिहायला जड जातंय.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचं १४३४ चं एक चित्र आहे, आर्नोल्फिनी जोडप्याचं. मागच्या भिंतीवर छोटा बहिर्गोल आरसा आहे, त्यात जोडप्याची पाठ दिसते आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसं. मला तसा फोटो हवाच होता. नवरी तयार होत होती त्या खोलीत गोल आरसा मिळाला, पण साधा, सपाट. ऑटोफोकस चौकटीवर बसत होता आणि प्रतिबिंब मऊ येत होतं. अशा आरशात अंतर मोजायचं ते कॅमेऱ्यापासून आरशापर्यंत अधिक आरशापासून माणसापर्यंत, हे सुचायला वेळ गेला. फोकस प्रतिबिंबावर घेतला, एफ/५.६ केलं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपायची क्षमता, ३२०० पर्यंत वाढवला. फोटो आला.

मागे वळले तेव्हा नवरीचे वडील खोलीतून बाहेर पडत होते. ते आत आले होते, तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीच न बोलता उभे राहिले होते, आणि आता परत जात होते. तिच्या बहिणीने मला नंतर सांगितलं. माझ्या कार्डवर त्या क्षणाचं काहीही नाही. तो क्षण परत मागता येत नाही, आणि मी मागितलाही नाही. तेव्हापासून अशा रचलेल्या फ्रेमला दहा मिनिटं, तीही घरची मंडळी खोलीत यायच्या आधी.

सहावा महिना

थोडक्यात. नाचाचे फोटो. फ्रेंच चित्रकार देगाच्या चित्रांत माणसं कडेला बिनदिक्कत कापलेली असतात, म्हणून फ्रेम अजून दोघांभोवतीच घट्ट ठेवली, हात-कोपर कापले गेले तर जाऊ दिले. शटर १/१५ सेकंद आणि फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे फ्लॅश शटर मिटताना उडतो आणि हालचालीची रेघ माणसाच्या मागे राहते. दोनशेतले सहा फोटो ठेवण्यासारखे. मला पुरेसे वाटले.

सातवा महिना

मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. दोन आठवडे आधी दोघांना भेटले, कॅमेरा घरी ठेवून. कुठली पोझ आवडते ते विचारलं नाही. विचारलं, “रोज भेटलात की आधी काय करता?” दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग तो म्हणाला, “ही माझा चष्मा काढून पुसते. मी न सांगता.”

लग्नाच्या दिवशी मी एवढ्याच गोष्टीवर लक्ष ठेवून होते. पाच तास. ५० एमएम, एफ/२, १/२५०. जेवणं झाल्यावर, दिवे निम्मे विझवल्यावर, दोघं खिडकीजवळच्या खुर्च्यांवर टेकले. कुणाचंही लक्ष नव्हतं. तिने हात पुढे केला, चष्मा काढला, तोंडाची वाफ दिली आणि पदराने पुसू लागली. तो डोळे मिटून वाट बघत होता, चेहरा पुढे केलेला, चष्म्याच्या नाकावरच्या दोन खुणा स्पष्ट दिसत होत्या. मी चार क्लिक केले. तिसऱ्यात तिची बोटं काचेवर आहेत आणि खिडकीचा उजेड काचेतून तिच्या अंगठ्यावर पडलाय. हात मी रेम्ब्राँमुळे बघायला शिकले, खिडकी व्हर्मीरमुळे. चष्मा त्या दोघांचा.

आठवा महिना, चालू

सहा महिन्यांची मुदत संपली, पण इतरांचे लग्नाचे फोटो बघायची घाई वाटत नाहीये. पुढचं लग्न भर दुपारी, उघड्यावर. खिडकी नाही, पडदा नाही, डोक्यावर सूर्य. म्हणून सध्या सोरोयाची चित्रं बघतेय, स्पेनचा चित्रकार, १८६३ ते १९२३. समुद्रकाठचं कडक ऊन आणि त्यात पांढरे कपडे. त्याच्या पांढऱ्या कपड्यांवरची सावली करडी नसते, निळसर-जांभळी असते, कारण सावलीत पोहोचतो तो आभाळाचा प्रकाश. काल दुपारी गच्चीवर पांढरी चादर वाळत घातली आणि तिचे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेले, फोटो काढले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कुठला धरायचा ते, उन्हावर ठेवला तर निळा खरंच दिसतो. मी आजवर तो प्रत्येक वेळी एडिटमध्ये पुसत आले होते. आज चादरीच्या सावलीत भावाला उभं करून बघणार आहे.