भावकीतली पाखरं

खानापूर. रविवार, रात्र. सकाळपासून झड लागलीय, लाइट दोनदा गेली.

मीटरच्या पेटीमागं चिमणीची पिल्लं आहेत. गेल्या रविवारी नुसती चोच आणि पोट होतं, डोळेसुद्धा मिटलेले. आज पिसं फुटलीत, एकमेकांच्या अंगावर चढतायत. आठवड्याभरात उडतीलही. डालग्याखालची कोंबडीची पिल्लं त्याच सुमाराची. पहिल्या दिवसापासून आपलं आपण टिपतात, पण वाढायची मुळीच घाई नाही.

हेच मी आलेखात मांडलं होतं. छापील नोंदींतून २२ जातींच्या पिल्लांचा वाढीचा वेग काढला, प्रौढ पक्ष्याच्या वजनासमोर ठेवला, दोन्ही लॉगमध्ये, म्हणजे पटीच्या मापात. घरट्यात बसून खाणारी पिल्लं वर, चालती पिल्लं खाली. काय झक्क दिसत होतं! काल सरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "यातल्या सुट्या किती?"

१३ तर चिमणी-बुलबुल-साळुंकीच्या गोतातल्या. म्हणजे एकाच भावकीतली १३ माणसं उभी करून गावाचं मत विचारल्यासारखं झालं की! झरझर वाढायची सवय त्यांच्या कुठल्या तरी खापरपणज्याला एकदा लागली असेल, मी ती १३ वेळा मोजली.

फेल्सनस्टाइन या जीवशास्त्रज्ञानं हे १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. जाती मोजू नका, जवळच्या दोघींतला फरक मोजा. साळुंकी आणि भांगपाडी मैना यांच्यात आज जो फरक दिसतो, तो त्या वेगळ्या झाल्यानंतर पडलेला, म्हणून तो स्वतंत्र पुरावा. मग त्याला वंशवृक्षावरच्या त्यांच्या दोन्ही फांद्यांच्या एकूण लांबीच्या वर्गमुळानं भागायचं, कारण फारकत जुनी असेल तर फरक पडायला वेळही जास्त मिळालेला असतो.

आज तसं करून बघितलं. वजनाची रेघ टिकली: मोठी जात, सावकाश वाढ. घरट्याचं मात्र अवघड झालं. माझ्या वंशवृक्षावर घरट्यात बसणारी पिल्लं तीनच ठिकाणी येतात. चिमण्या-पोपट-घारींची मोठी फांदी, कबुतरांची एक, बगळ्यांची एक. २२ जाती म्हणून मिरवलो, हातात तीन!

"काय करूलास रे एवढ्या रात्री?" आईनं आतनं विचारलं. चिमण्यांची वंशावळ, म्हटलं. गप्पच झाली.

आणखी बुलबुल गोळा करून उपयोग नाही. पाकोळी आणि रातवा घ्यायला हवेत. नात्यानं जवळचे, पण पाकोळीचं पिल्लू उघडंबोडकं निघतं, रातव्याचं अंगावर लव घेऊन. त्यांच्या वजनांच्या नोंदी उद्या शोधतो, लाइट राहिली तर.