बिनशेपटीचं विमान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही ओळख निघाली की प्रश्न ठरलेला: "एवढ्याशा पुसट फोटोवरून विमान कोणतं ते कळतं कसं हो तुम्हाला?" विचारणाऱ्याला वाटतं, मी बघताक्षणी ओळखतो. बघताक्षणी ओळखलं की बहुतेक वेळा माती खातो. गेल्या पावसाळ्यात खाल्ली, तेच सांगतो.

माझी भाची फ्रान्समध्ये लियाँला असते. तिथल्या जुन्या बाजारात तिला एक फोटो मिळाला. पोस्टकार्डाहून लहान, तपकिरी पडलेला, पाठीला अल्बमच्या काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेले. "मामा, हे विमान अर्धंच आहे का?" असा मेसेज आणि खाली फोटो. गवताळ मैदान, टोप्या घातलेली तीन माणसं, मध्ये एक बुटकं विमान. लाकडी प्रोपेलर, नाक, जाड सरळ पंख, वैमानिकाची जागा, तिच्यामागे लगेच उभा पंख, आणि संपलं! मागचं लांब धडच नाही. कुणीतरी कात्री चालवली असावी असंच वाटावं.

मी दहा मिनिटांत ठोकून दिलं, "फोवेल."

तसं म्हणायला कारण होतं. बिनशेपटीची फ्रेंच विमानं म्हटली की शार्ल फोवेलचं नाव आधी येतं. त्याच्या विमानांच्या नावातला 'एव्ही' म्हणजे फ्रेंचमध्ये 'उडता पंख'. १९५१ च्या शेवटच्या दिवशी उडालेलं त्याचं एव्ही-३६ हे ग्लायडर तर पुढे बऱ्याच देशांत लोकांनी घरी बांधलं. पंखांचा पसारा सुमारे १२ मीटर आणि लांबी जेमतेम सव्वातीन, त्यामुळे ट्रेलरवर आडवं टाकून नेता यायचं. इंजिनवालीही त्याची होती, १९३५ चं एव्ही-१० घ्या. तेव्हा बुटकं, सरळ पंखाचं, फ्रेंच, म्हणजे फोवेल. झोपायला गेलो.

इथे एक खुलासा केलेला बरा. बिनशेपटीचं म्हणजे मागे काहीच नाही असं नव्हे. मागचा आडवा छोटा पंख नसतो, उभा असू शकतो. आपल्या हवाई दलातलं मिराज २००० आठवा, तेही फ्रेंचच. उभा पंख ऐटीत उभा, आडवा शोधून सापडणार नाही. मिराजचा पंख त्रिकोणी असतो. फोटोतला सरळ होता, फळीसारखा, आणि खरी गंमत तिथे आहे. पोस्टकार्ड घ्या आणि तसंच सोडा. कोलांट्या खात पडेल. आता पुढच्या कडेला दोन यू-पिना लावा आणि मागची कड बोटभर वर वळवा. तेच कार्ड सरळ तरंगत जाईल. पिनांच्या वजनानं नाक खाली जाऊ बघतं, मागची वळलेली कड ते वर उचलून धरते. शेपटीचं कामही हेच असतं, फक्त ती ते लांबून करते. कड जास्त वळवली तर कार्ड नाक वर काढून धपकन बसतं. पाच-सहा कार्डं वाया घालवल्याशिवाय जमत नाही. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिका यासाठीच साठवलेल्या आहेत, असं बायको सगळ्यांना सांगते.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना फोटो पुन्हा उघडला. भाचीला म्हटलं, मोबाइलचा फोटो नको, स्कॅन करून पाठव. ते आलं आणि नाकावरचा डाग मोठा केला. रात्री तो मला बुरशीचा डाग वाटला होता. तो डाग नव्हताच. वैमानिकाच्या समोर, धडाच्या वर, पखवाजाएवढं एक नळकांडं बसवलेलं होतं आणि त्याला जवळजवळ लावलेल्या पातळ पत्र्यांच्या पट्ट्या होत्या.

लाँब्लँ रेडिएटर. पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच विमानांवर तो वरचेवर दिसतो. झाला की माझा फोवेल आडवा! रेडिएटर आहे म्हणजे इंजिन पाण्यानं थंड होणारं. एव्ही-१० चं छोटं इंजिन हवेवर थंड व्हायचं आणि ग्लायडरला तर इंजिनच नाही. म्हणजे मी दहा-पंधरा वर्षं पुढे पळालो होतो. मग माणसांच्या टोप्या, कोटांच्या कॉलरी, चाकांच्या झाकलेल्या आऱ्या सगळं नीट दिसायला लागलं. ते आदल्या रात्रीही तिथेच होतं म्हणा.

विसाच्या दशकाच्या सुरुवातीचं, फ्रेंच, सरळ पंखाचं, दांडग्या इंजिनाचं आणि बिनशेपटीचं. एवढ्या चाळण्यांतून फार काही उरत नाही. उरलं ते सिम्प्लेक्स-आर्नू, १९२२. रने आर्नू हा इंजिनियर १९०९ पासून बिनशेपटीच्या विमानांमागे लागलेला होता. 'कूप डॉइच'च्या शर्यतीसाठी त्यानं ३२० अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा इंजिन या बुटक्या धडात कोंबलं. तर्क बरोबर होता: शेपटी नाही, लांब धड नाही, तेवढा हवेचा अडथळा कमी. आणि मग एवढं गुळगुळीत धड करून त्याच्या डोक्यावर, वैमानिकाच्या नेमकं नाकासमोर, तो पखवाज ठेवला. मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर काम केलं, असली ड्रॉइंगं पाहिली आहेत. सगळं सुंदर जमतं आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी विचारतं, "अहो, रेडिएटर कुठे बसवायचा?"

चालवायला होता जॉर्ज मादों, महायुद्धात ४१ विमानं पाडल्याची नोंद असलेला. शर्यतीआधीच्या चाचणीतच विमान कोसळलं. मादों वाचला, पण विमान शर्यतीला उतरलंच नाही. एताँपच्या मैदानावरची ती शर्यत न्यूपोर-दलाजमधून फेर्नां लान यानं जिंकली. मादों पुढे ११ नोव्हेंबर १९२४ रोजी ट्युनिसमध्ये विमान अपघातातच गेला.

तरी खात्री करायची म्हणून त्या काळच्या फ्रेंच नियतकालिकांत शोधलं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यातली बरीच 'गॅलिका' नावानं इंटरनेटवर ठेवली आहेत. उभ्या पंखाची कड, चाकांचे दांडे, नळकांड्याची जागा हे एकेक ताडून पाहिलं. दोन संध्याकाळी गेल्या. विमान जुळलं.

भाचीला कळवलं, फोवेल नाही, आर्नू. तिनं उलट विचारलं, "मग कातड्याचा कोट घातलेला तो मादों का?" म्हटलं, बाई, मी विमानं ओळखतो, माणसं नाही. विमान धड उभं आहे म्हणजे फोटो अपघाताआधीचा, एवढं मात्र लिहून ठेव. मग तिचा बेत कळला: पाठीवरचे काळे तुकडे पाण्यानं भिजवून काढायचे, खाली काही लिहिलंय का बघायचं. त्या रात्री पहिल्यांदा मेसेज न करता थेट फोन लावला.

"हात लावू नकोस," म्हटलं.