नेकारकाठच्या तुर्की माउझर

श्टुटगार्टहून होर्बमार्गे रॉटवाइलकडे जाणारी गाडी नेकार नदीच्या वळणांना धरून ओबर्नडॉर्फला पोचते. रायफली बनवणाऱ्या माउझर कारखान्याचं हे गाव. शस्त्रसंग्रहालयाच्या इमारतीचं नाव श्वेडेनबाउ, कारण स्वीडनच्या रायफलींचं काम तिथे चालायचं. मला मात्र तुर्की माल पाहायचा होता.

1887 मध्ये ऑटोमन सरकारने 5 लाख रायफली आणि 50 हजार कार्बाइन (आखूड रायफली) मागवल्या. करारात एक मेख होती: मधल्या काळात सुधारित नमुना निघाला, तर उरलेला माल त्या नमुन्याचा द्यायचा. म्हणून एकाच करारातल्या रायफली एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नाहीत. पहिल्या सुमारे 2 लाख 20 हजार 9.5 मिमीच्या, काळ्या दारूच्या; काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात. मग आली 1890 ची, 7.65 मिमीची, धूररहित दारूची. तिची काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, ट्रिगरपुढे खाली डोकावते.

1893 च्या नमुन्यात ही पेटी लाकडात लपली आणि गल्लत सुरू झाली, कारण स्पॅनिश 1893 हुबेहूब तशीच दिसते. तुर्की रायफलीला उजव्या बाजूला मॅगझिन बंद करायचा खटका असतो, स्पॅनिशला नसतो. रायफल काचेआड डावी बाजू पुढे करून टांगलेली असेल, तर मागून वाकून पाहावं लागतं.

रायफलीवर कोरलेलं साल वाचताना हमखास चूक होते. आकडे अरबी वळणाचे. गोल दिसतो तो शून्य नव्हे, 5. शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्या 7 सारखा वाटतो तो 6. 'व्ही' आकाराचा 7, उलटा 'व्ही' 8. आणि साल हिजरीही नसतं, रूमी असतं, म्हणजे ऑटोमन सरकारी सौर कालगणनेतलं. शकात 78 मिळवायची आपल्याला सवय आहेच, इथे 584 मिळवा: 1321 म्हणजे 1905. रूमी वर्ष मार्चात सुरू होतं, त्यामुळे शेवटच्या अडीच महिन्यांसाठी 585.

रिसीव्हरवर, म्हणजे नळी जिथे बसते त्या धातूच्या मुख्य भागावर, लॅटिन अक्षरांत 'टी.सी.' (तुर्की प्रजासत्ताक), 'अंकारा' आणि 1930 नंतरचं साल दिसलं, तर रायफल तेव्हा बनली असं समजू नका. प्रजासत्ताकाने कित्येक जुन्या माउझर अंकाऱ्यात 7.92 मिमीच्या करून घेतल्या. तुर्की भाषेची लिपी 1928 मध्ये बदलली होती, म्हणून नवा शिक्का लॅटिन. जुना अरबी मजकूर किंवा आकडे धातूवर कुठे उरलेत का, ते तिरप्या उजेडात शोधायचं. समोरून टॉर्च मारला की उथळ खुणा पुसट होतात. अशा रायफलीचं कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, खुणेवरून कधीच ठरवू नये. जाणकार बंदूककार चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचा, साचा घेऊन मोजतो, तेच खरं.

रिसीव्हर, नळी, बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा सरकता दांडा) आणि पेटीचं तळपान, चारही ठिकाणचे क्रमांक जुळवून पाहा. अंकाऱ्याहून आलेल्यांत ते अनेकदा जुळत नाहीत.