शाळा सुटली, वाचनालय नाही

आमच्याकडे बडोद्यात मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सगळ्यांना माहितीये, पण बरेच लोक ती नुसती बाहेरूनच बघतात. माझं मात्र तिथे लहानपणापासून जाणं आहे आणि आता लेकाला घेऊन जाते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

सुरुवात आजीपासून करते. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, दर दोन-तीन वर्षांनी बदली, कुठल्या कुठल्या गावात. आजीची शाळा चौथीनंतर सुटली, पुढे लग्न. पण ती सांगायची की गावात बडोद्याहून लाकडी पेटी यायची, पुस्तकांची! मास्तरांकडे ठेवलेली असायची, पुस्तकं वाचून झाली की पेटी परत जायची आणि दुसरी यायची. लहानपणी मला वाटायचं आजी रंगवून सांगतेय. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही खरंच राज्याची योजना होती, फिरती ग्रंथालयं, आणि वाचणाऱ्याला एक पैसाही पडायचा नाही, पेटीचं जाण्यायेण्याचं भाडं सुद्धा राज्यच भरायचं.

यामागे सयाजीराव महाराजांचा विचार अगदी साधा होता आणि मला तो फार पटतो. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये सगळ्या राज्यात. पण पोरगं चार वर्ष शाळेत गेलं, मग शेतावर नाहीतर चुलीपुढे, घरात छापलेला कागद नाही, तर आलेली अक्षरं राहणार कशी? म्हणून शाळेच्या पाठोपाठ वाचनालय हवंच. मग 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडून सगळं खातंच उभं केलं, ग्रंथपालांना ट्रेनिंग द्यायचे वर्ग काढले, बायकांसाठी वेगळी सोय, मुलांसाठी वेगळी, आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा) आणि सिनेमा दाखवणारी शाखा! इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून लायब्ररीचं मासिक सुद्धा निघायचं. शंभर वर्षांपूर्वी म्हणजे बघा.

आणि महाराज स्वतः कोण, तर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, 1875 मध्ये दत्तक आले तेव्हा वय बारा, लिहिता-वाचता येत नव्हतं. बाराखडीपासून सगळं राजवाड्यात शिकले. मला नेहमी वाटतं की उशिरा अक्षर ओळख झालेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

आता इमारतीबद्दल. पुस्तकांचा जो मोठा विभाग आहे तिथे लोखंडी रॅक आणि मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. लहान असताना वरच्या मजल्यावरून कोणी चाललं की खालून सावली सरकताना दिसायची आणि मी पुस्तक सोडून तेच बघत बसायचे. माझ्या लेकानेही पहिल्यांदा तेच केलं.

वाचायला बसणारे आजोबा, सरकारी परीक्षांची तयारी करणारी पोरं, ही नेहमीची मंडळी आहेतच. घरात जागा नाही, शांतता नाही, त्या पोरांना एक टेबल मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्यानं एका खोलीत अभ्यास केलाय त्यालाच कळेल.

पण मला सांगायचंय ते सासूबाईंचं. आई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या, वय अडुसष्ट. सांगलीत रोज पेपर वाचणारी बाई, इथे बसची पाटी वाचता येईना, औषधाच्या दुकानात मला फोन. एक दिवस म्हणाल्या, "अगं, मी एकदम अडाणीच झाले की." मला फार वाईट वाटलं. मग लेकाच्या नावावर मुलांची गुजराती पुस्तकं आणायला लागलो, मोठं टाईप, चित्रं, दोन ओळी. दोघं एकत्र वाचायचे. आई गुजराती लिपीकडे बघून म्हणाल्या, "या अक्षरांच्या डोक्यावर पदरच नाही!" च आणि य मध्ये रोज गोंधळ व्हायचा, लेक चिडायचा, त्या परत पहिल्या ओळीपासून सुरू करायच्या.

आठ महिने झाले. गेल्या शनिवारी लायब्ररीत मी मराठी कपाटाशी होते आणि आई दिसेनात. शोधलं तर वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, गुजराती पेपर पुढ्यात, एका ओळीवर बोट ठेवलेलं. शेजारच्या आजोबांनी त्यांचा चष्मा वर केला आणि विचारलं, "बेन, थयुं?" म्हणजे झालं का वाचून, कारण त्यांना तेच पान हवं होतं.

आई म्हणाल्या, "थांबा हो, अर्धीच बातमी झालीये."