रिबेका बूनचं माहेर शोधताना

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॅनियल बून हे नाव पावलोपावली भेटतं, अठराव्या शतकातला शिकारी आणि इथल्या वस्त्यांची वाट काढणारा. रस्त्यांना त्याचं नाव, अख्ख्या जंगलालाही त्याचंच. मी गेले होते ते त्याच्या बायकोसाठी. रिबेका ब्रायन, जन्म १७३९, व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळचा. १७५६ मध्ये लग्न. पदरी दहा मुलं, शिवाय दिराची पोरकी झालेली दोन, आणि पुढे विधुर भावाची सहा. नवरा शिकारीला गेला की महिनोन्‌महिने परतत नसे. हा सगळा संसार ओढला तिने.

केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, तिथे केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीचं ग्रंथालय आहे. त्यात बून आडनावाखाली शोधलं की सगळीकडे डॅनियलच. म्हणून मी माहेरच्या बाजूने, ब्रायन घराण्याकडून, सुरुवात केली आणि धागे सुटायला लागले. आजोबा मॉर्गन ब्रायन सगळं कुटुंब घेऊन नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीकाठी आले. बून शेजारीच. मग दोन्ही घरांत साटंलोटंच झालं: रिबेकाची बहीण मार्था डॅनियलच्या भावाला दिली, डॅनियलची बहीण मेरी रिबेकाच्या काकाला. वडील जोसेफ ब्रायन, हे पक्कं. आईबद्दल मात्र वंशावळी भांडतात. कुणी लिनव्हिल घराण्यातली ॲली म्हणतं, कुणी हेस्टर. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही लेकीची फांदी लग्नापाशी तुटते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं.

त्या काळच्या बायका सापडतात त्या जमिनीच्या खरेदीखतांत. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत हयातभर एक तृतीयांश वाटा असे. म्हणून जमीन विकताना बायकोला एकटीला बाजूला घेऊन विचारत, जबरदस्ती तर नाही ना? आणि मग तिची संमती कागदावर यायची. रिबेकाला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी नुसती खूण. तपकिरी पडलेल्या शाईतली अशा बायकांची फुलीसारखी चिन्हं मी बराच वेळ बघत बसले.

लेक्सिंग्टनच्या ईशान्येला ब्रायन्स स्टेशन, म्हणजे तिच्या माहेरच्यांनी वसवलेली गढी. ऑगस्ट १७८२ मध्ये ब्रिटिश आणि त्यांच्या मित्र असलेल्या मूळनिवासी जमातींचा वेढा पडला होता, पाणी गढीबाहेरच्या झऱ्याला. शत्रू झाडीत दबा धरून बसलाय हे ठाऊक असूनही बायका-मुली रोजच्यासारख्या गेल्या आणि पाणी भरून आल्या. झऱ्याभोवती १८९६ साली बांधलेल्या दगडी भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत. वेढा उठला, केंटकीकरांनी शत्रूचा पाठलाग केला, आणि १९ ऑगस्टला ब्लू लिक्सच्या लढाईत रिबेकाचा मुलगा इझ्राएल पडला. थोरला जेम्स १७७३ मध्येच मारला गेला होता. ही जमीन शॉनी या मूळनिवासी लोकांच्या शिकारीची होती आणि त्यांच्याही आया अशाच रडल्या असतील, हे विसरून तिथे उभं राहता येत नाही.

१८१३ मध्ये रिबेका मिसुरीत वारली. १८४५ मध्ये तिचे आणि डॅनियलचे अवशेष फ्रँकफर्टच्या टेकडीवरच्या स्मशानभूमीत आणले. खाली केंटकी नदीचं वळण दिसतं. स्मारकाच्या चार बाजूंना संगमरवरी शिल्पं आहेत, त्यांतल्या एकावर रिबेका गाईची धार काढताना. बाकी तीन त्याची. मला ते एकच सगळ्यांत खरं वाटलं, कारण त्या दुधावरच घर चाललं होतं.

आता नॉर्थ कॅरोलायनात सॉल्सबरीला जायचंय. याडकिनकाठच्या ब्रायनांची जुनी खतं तिथल्या रोवन काउंटीच्या दप्तरात आहेत, आणि मला जोसेफच्या बायकोची खूण शोधायची आहे.