ओट्यावरची सावली

फेब्रुवारीत हिचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर, म्हणजे सहा आठवडे ओटा माझ्याकडे. पहिल्याच संध्याकाळी कांदा चिरायला घेतला, तर सुरी चालवायची नेमकी त्याच जागी माझ्या डोक्याची गोल काळी सावली. डावीकडे सरकलो, तीही सरकली. वाकून बघावं तर आणखी काळोख. स्वयंपाकघरातली चार फुटी ट्यूब दाराच्या वर आहे, म्हणजे ओट्याशी उभं राहणाऱ्याच्या मागे. पाठ तेवढी लख्ख उजळते.

"अगं, इथे काही दिसतच नाही!"

ही टेबलापाशी बसून डाव्या हाताने वाटाणे सोलायचा प्रयत्न करत होती. "हो का?" म्हणाली. "मला अठरा वर्षं दिसत होतं बहुतेक."

आता माझी बाजू. ओट्यावरच्या कपाटांखाली दिवा होता. दोन फुटी ट्यूब, वीस वॅटची, पट्टीत चोक, बाजूला स्टार्टर. पहिली काही वर्षं बरी लागली. मग बटण दाबल्यावर चारदा डोळे मिचकावून लागायला लागली, मग दहादा. टोकं काजळी धरल्यासारखी काळी पडली, चोक गुणगुणायला लागला आणि पट्टीमागे एका पालीने बिऱ्हाड केलं. ही सांगायची, मी 'बघतो' म्हणायचो. पुढे तिने सांगणं सोडलं आणि बटण दाबणंही सोडलं. तिचं अडलं नाही, कारण फोडणी ती कानाने करते. मोहरीची तडतड ओसरली की जिरं, वास फिरला की हळद. मला ना तो कान ना ते नाक. तिसऱ्या दिवशी करपलेली उसळ दोघांनी मुकाट्याने खाल्ली आणि मी तापकीर गल्ली गाठली.

पुण्यात विजेचं काहीही हवं असलं की पाय आपोआप तिकडे वळतात. दुकानातल्या पोराने एलईडी पट्टीचा पाच मीटरचा रोल काउंटरवर टाकला. "व्हाइट, वॉर्म का नॅचरल?" दिवा पांढराच असतो अशा समजुतीने मी "व्हाइट" म्हणालो. मीटरला साधारण दहा वॅट; चिमणीच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर लागणार, म्हणजे वीस. "काका, अ‍ॅडाप्टर तीसचा न्या. काठोकाठ चालवला की तापतो." हिशेब केला, तर जुन्या ट्यूबइतकीच वीज! शिवाय जुनी ट्यूब कुणी लावतच नव्हतं, त्यामुळे तिचं बिल शून्य होतं. बचतीचा मुद्दा मी घरी काढला नाही.

घरी येऊन रोल उलगडला. बंद पट्टीवर हळदीचं बोट टेकवत गेल्यासारखे पिवळे ठिपके. खरा दिवा त्या पिवळ्याखाली असतो आणि तो असतो निळा. निळ्यातलं थोडं पिवळा लेप गिळतो, पिवळं करून परत देतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. निळा एलईडी जमवायला माणसांना इतका खटाटोप करावा लागला, की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ साली नोबेल मिळालं. मी मात्र कात्री घेऊन तो कुठेही कापायला निघालो होतो. दर तीन दिव्यांनंतर पट्टीवर बारीक कात्रीची खूण असते, तिथेच कापायचं. बारा व्होल्ट तिघांत मिळून वाटलेले असतात. मधेच कापलं तर ते तिघंही विझतात. एक त्रिकूट मी घालवलंच.

खरं काम पुढे होतं. पट्टीच्या मागचा कागद सोलून ती कपाटाच्या बुडाला चिकटवायची, एवढंच. चिकटवली, लागली, टाळ्या झाल्या. रात्री पाणी प्यायला उठलो, तर पट्टीचं एक टोक सुटून गॅसच्या दिशेने लोंबत होतं, अगदी मुंडावळीसारखं. कपाटाच्या बुडाला बोट लावून पाहिलं, ते चिकटूनच बसलं. अठरा वर्षांच्या फोडण्यांची वाफ चिमणीला चुकवून तिथे जाऊन थापली होती. मधासारखा रंग, वर धुळीची लव. दुसऱ्या दिवशी कढत पाणी, सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन मान वर करून दोन तास खरवडत होतो. तपकिरी ओघळ कोपरापर्यंत आले. खाली लॅमिनेट निघालं मोतिया रंगाचं. आम्ही मोतिया घेतलं होतं हे दोघंही विसरलो होतो.

या खेपेला पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवली, वर दुधी झाकण लावलं आणि पन्हळ स्क्रूने आवळली. झाकणाची गरज मुंडावळीवाल्या संध्याकाळीच कळली होती. काळ्या ग्रॅनाइटमध्ये एकेक दिवा सुटा दिसत होता, ओट्यावर साबुदाणा सांडल्यासारखा.

पण तो 'व्हाइट' काही खपला नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; हा होता साडेसहा हजार केल्विन. आकडा जितका मोठा तितका उजेड थंड, हा एक उलटाच कारभार. त्यात दूध निळसर आणि वरण आजारी दिसायचं. परत तापकीर गल्ली. तीन हजारवाली पिवळी पट्टी लावली, तर कच्ची पोळीसुद्धा खरपूस भाजल्यासारखी दिसे. ती मी तशीच वाढली, त्याबद्दल बोलायला नको. शेवटी चार हजारवर तह झाला. कोथिंबीर कोथिंबिरीच्याच रंगाची दिसली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी हिने स्वतः बटण दाबलं. पट्टी डोळे न मिचकावता लागली. ही बराच वेळ ओट्याकडे बघत राहिली, मग वाकून म्हणाली, "अहो, टाइल्सच्या फटी अशा होत्या?"

जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो म्हणून ती न फोडता वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ट्यूबची जुनी पट्टी भंगारात द्यायला निघालो तेवढ्यात हिने मला थांबवलं, बऱ्या झालेल्या हाताने स्टार्टर फिरवून काढला, पदराने पुसला आणि ड्रॉवर उघडला. मेणबत्ती, फ्यूजची तार, टेस्टर आणि आधीचे दोन स्टार्टर. त्यांच्याशेजारी तोही ठेवला.

"असू दे," म्हणाली. "चालू आहे अजून."