शनिवारचा ‘ड्रॉ’

स्मरणिकेच्या समितीने पत्रात विषय दिला आहे, ‘शाळेने मला काय दिले’. शाळेने पुष्कळ दिलं असणार. पण लिहायला बसलो की मला फक्त इंग्रजीचे सर दिसतात. त्यांचं नाव लिहीत नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटच्या तासाला सर पुस्तक उघडत नसत. फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद लिहायचे आणि पुढच्या शनिवारी त्याचा हिशेब मागायचे. डिक्शनरीला हात लावायचा नाही. बाजारात, बँकेत, धक्क्यावर, जिथं कुणी तो शब्द पोटापाण्यासाठी वापरतो, त्यालाच जाऊन विचारायचं. आठवीत आमच्या वाट्याला ‘ड्रॉ’ आला. इतर शब्द आठवड्यात संपायचे, हा चवथीच्या सुट्टीपर्यंत पुरला.

पहिल्या शनिवारी सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, चित्र काढणे. सर म्हणाले, “तें ड्रॉइंग मास्तरांक सांगा.” मग आम्ही खरे हिंडायला लागलो. हेडसरांच्या टेबलावर एक शिक्का असायचा, ‘ड्रॉइंग अँड डिस्बर्सिंग ऑफिसर’. हेडसरांना पट्टी धरूनही सरळ रेघ ओढता येत नव्हती, हे शाळेला माहीत. सरकारी खजिन्यातून पगार काढून वाटणारा तो ड्रॉइंग ऑफिसर, हे कळल्यावर आमचा गोंधळ मिटला आणि हेडसरांबद्दलचा आदर किंचित वाढला. बँकेत त्याहून मजा. ड्रॉवर म्हणजे टेबलाचा खण एवढंच आम्हाला माहीत. तिथं चेकवर सही करणारा माणूसच ‘ड्रॉअर’ निघाला आणि ज्या बँकेवर चेक काढायचा ती ‘ड्रॉई’. 1881 च्या कायद्यापासून ही नावं चालत आलेली. परत आलेल्या चेकवर ‘रेफर टू ड्रॉअर’ असा शेरा मारतात, त्याचा अर्थ खणात शोधा असा नाही, हे तिथल्या क्लार्कने आम्हाला हसत हसत सांगितलं.

फुटबॉलवाल्या पोरांनी तर एकाच स्पर्धेतून दोन ‘ड्रॉ’ आणले. कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या उचलतात तो एक, आणि बरोबरीत सुटलेली मॅच हा दुसरा. बाजारातल्या सोनाराकडे गेलेला गट सर्वांत उशिरा परतला. चांदीची तार भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहून बारीक. चांदी कमी होत नाही, तार फक्त लांब आणि बारीक होत जाते. मध्येच कडक झाली की तापवून मऊ करून घ्यायची, नाहीतर तुटते. इंग्रजीत हेही ‘ड्रॉ’च. सर त्या दिवशी तास विसरून सोनाराच्या भट्टीबद्दलच विचारत राहिले.

इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ आहे का, असं एकाने विचारलं. सर त्याला म्हणाले, “तुझ्या आजीने सकाळपासून काय काय काढलं ते सांग.” वर्गातून उत्तरं येत गेली आणि सर लिहीत गेले. केर काढला, गाईचं दूध काढलं, शेजारणीची उणीदुणी काढली, नातवाची समजूत काढली, दुपारी झोप काढली. फळा भरला तेव्हा सर म्हणाले, आता दुष्काळ कुणाकडे ते तुम्हीच ठरवा.

माझे वडील बार्जवर, म्हणजे नदीतून खनिज वाहणाऱ्या मालबोटीवर, तांडेल (खलाशांचे म्होरके). मी घरून जे आणलं होतं ते बोलायची मला लाजच वाटत होती. अखेर उभा राहून वडिलांचंच वाक्य बोललो, “भरल्यार आमची बार्ज धा फूट उदक घेता.” वर्ग हसला. बार्ज पाणी कशी पिणार? सर हसले नाहीत. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं, ‘द बार्ज ड्रॉज टेन फीट’, आणि म्हणाले, “याचे बाबा जें म्हणतात तेंच इंग्रज खलाशी म्हणतो. उरलेल्यांनी हसून झालं असेल तर पुढच्या शनिवारी सारमानसच्या धक्क्यावर यायचं.”

आम्ही खरंच गेलो. बार्जच्या अंगावर रंगवलेले आकडे वडिलांनी दाखवले. रिकामी असताना पाणी कुठं, भरल्यावर कुठं, त्यावरून ती किती खोल बसली ते वाचायचं. पावसाळ्यात मांडवी जिथं समुद्राला मिळते त्या आग्वादच्या तोंडाशी वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत आणि तिथून मुरगाव बंदराला. कालवा उथळ, त्यामुळे माल कमी भरायचा आणि भरतीची वेळ साधायची. सर मागे उभे राहून वहीत लिहून घेत होते. निघताना त्यांनी वडिलांना वाकून नमस्कार केला. माझे वडील कधी शाळेत गेले नव्हते. त्या दिवसानंतर मला वर्गात कुणी हसलं नाही, हे सरांचं काम. गणिताच्या तासाला मला तेवढं कधीच मिळालं नाही.

पुढे मी ड्राफ्ट सर्व्हेअर झालो, तेही त्या धक्क्यामुळेच असं मी मानतो. हा ‘ड्राफ्ट’ म्हणजे ‘ड्रॉ’चाच भाऊबंद. हजारो टन खनिज तराजूत घालता येत नाही. जहाज किती बुडालं त्यावरून ते मोजायचं. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणचे आकडे लाटांमधून वाचायचे. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 धरतात, पण नदीचं गोडं पाणी मिसळलं की ती उतरते आणि तेच जहाज जरा जास्त बुडतं, म्हणून बादलीभर पाणी काढून तेही मापायचं. तेल, बॅलास्ट (जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेलं पाणी), पिण्याचं पाणी वजा करायचं. पनामॅक्स, म्हणजे पनामा कालव्यात जेमतेम मावणाऱ्या मापाच्या, जहाजावर एक सेंटिमीटर म्हणजे 60 टनांच्या वर माल, त्यामुळे डोळे सांभाळून ठेवावे लागतात. परदेशी कॅप्टनांशी माझी पुष्कळ हुज्जत झाली. इंग्रजीला मी कधी बिचकलो नाही.

2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये परत थांबल्या. कित्येक बार्ज भंगारात गेल्या. आता खाणींच्या लिलावानंतर थोडी हालचाल आहे, पण मांडवीत पूर्वी जशी बार्जची रांग लागायची तशी काही पाहायला मिळत नाही. शाळेचंही तेच. मराठी वर्गांचा पट बघून जीव खाली जातो. चांगली इमारत आहे, संगणक आहेत, आणि मुलं शब्दाचा अर्थ मोबाइलला विचारतात. मोबाइल सगळे अर्थ एका दमात सांगतो, मग सोनाराकडे जाणार कोण?

परवा मुलाने सांगितलं, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती, आणि आता संपादकांनी ‘रन’चे एकट्या क्रियापदाचेच 645 अर्थ मोजले आहेत. सर असते तर ‘ड्रॉ’वर अन्याय झाला म्हणून संपादकांना पोस्टकार्ड गेलं असतं.

नव्या सभागृहाला सरांचं नाव द्यायचं घाटतंय असं कानावर आलं. जरूर द्या. पण शनिवारचा शेवटचा तास परत सुरू केलात तर मला जास्त आवडेल. मी निवृत्त माणूस, दर शनिवारी यायला मोकळा आहे. मुलांना धक्क्यावर न्यायची परवानगी मी काढतो आणि गाडीही माझ्याकडे लागली. सोनार तेवढा समितीने शोधावा, जुनं दुकान आता मोबाइलवाल्याने घेतलं आहे.